कळतं, पण वळत नाही

स्मरणिकेसाठी लेख दे, असा फोन आला आणि मी लिहिते-लिहिते म्हणत दोन महिने घालवले. ‘ज्यांच्यामुळे आपण घडलो’ या विभागात कुणी आपल्या सरांवर, कुणी आईवडिलांवर, कुणी सावित्रीबाईंवर, तर कुणी डॉ. कलामांवर लिहिणार आहे, असं कळलं. मी निवडलेला माणूस सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेत वारला. त्याचं नाव संत ऑगस्टीन. आपल्या वर्गातल्या ख्रिस्ती मुलामुलींनी हे नाव ऐकलं असेल, बाकीच्यांनी कदाचित नसेल. मला कुणाला धर्म शिकवायचा नाही. पण शाळेत असताना मी केलेल्या एका गोष्टीचा आणि या माणसाचा जवळचा संबंध आहे. तो काय, हे शेवटी सांगते.

आठवतं का, मूल्यशिक्षणाच्या तासाला सिस्टरनी संत मोनिकाची गोष्ट सांगितली होती? बिघडलेल्या मुलासाठी वर्षानुवर्षं रडणारी आणि प्रार्थना करणारी आई. शेवटी तो मुलगा सुधारला आणि मोठा संत झाला. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, की तो नेमका काय करून बिघडला होता. त्यावर सिस्टरनी फळा पुसायला घेतला. तो मुलगा म्हणजे ऑगस्टीन. त्या प्रश्नाचं उत्तर त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, हे मला फार पुढे समजलं. इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, मुलं झाली, आणि एका नाताळात माहेरच्या कपाटात त्याचं ‘कन्फेशन्स’ हे पुस्तक हाती लागलं. कन्फेशन्स म्हणजे कबुली.

ऑगस्टीनचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४चा, थागास्ते या छोट्या गावातला. आज ते गाव अल्जिरियात आहे आणि त्याचं नाव सूक अहरास. तेव्हा तिथे रोमन साम्राज्य होतं. वडील पात्रिकियुस लहानसे जमीनदार होते आणि ख्रिस्ती नव्हते. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो अगदी शेवटी. आई मोनिका श्रद्धाळू ख्रिस्ती. घरची परिस्थिती बेताची आणि मुलगा हुशार. मग आईबापांनी ठरवलं, की पोटाला चिमटा काढू पण याला शिकवू. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हेच झालं, त्यामुळे जास्त सांगायला नको.

शाळा मात्र त्याला आवडत नसे. ग्रीक भाषेचा तर तिटकारा. अभ्यास झाला नाही की मार बसे. देवाकडे त्याने लहानपणी अगदी मनापासून काही मागितलं असेल, तर ते हेच, की आज छडी बसू नये. मोठी माणसं त्यावर हसत. हसणाऱ्यांत आईवडीलही होते. हे दुःख त्याने चाळिशी उलटल्यावरही लिहून ठेवलंय.

सोळाव्या वर्षी पुढच्या शिक्षणाचे पैसे नव्हते म्हणून त्याला वर्षभर घरी बसावं लागलं. रिकामा वेळ आणि टवाळ मित्र. घरच्या द्राक्षमळ्याजवळ एक नासपतीचं झाड होतं, दुसऱ्याच्या मालकीचं. एका रात्री ही पोरं गेली, झाड हलवलं आणि फळं लुटून आणली. ती फळं दिसायला चांगली नव्हती आणि चवीलाही नव्हती. ऑगस्टीनकडे त्याहून चांगल्या नासपती होत्या. पोरांनी थोड्या चाखल्या आणि बाकीच्या डुकरांपुढे टाकल्या. एवढीच ती गोष्ट.

पण पुढे बिशप झाल्यावर ऑगस्टीनने या चोरीवर पानंच्या पानं लिहिली. तेव्हापासून आजवर लोक विचारत आलेत, की एवढ्याशा फळांसाठी एवढं मनाला लावून का घ्यायचं? मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. मग हळूहळू मुद्दा ध्यानात आला. मोठ्या गुन्ह्यांना कारण असतं. कुणाला पैसा हवा असतो, कुणाला सूड घ्यायचा असतो, कुणी भुकेला असतो. कारण सापडलं, की आपण समाधानाने पुढे जातो. या चोरीला मात्र कारणच नव्हतं. भूक नव्हती, गरज नव्हती, फळंसुद्धा नको होती. हवं होतं ते फक्त मनाई असलेलं काहीतरी करणं. आणि एकटा असतो तर आपण हे केलंच नसतं, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. चल जाऊ या म्हटल्यावर मागे राहायची लाज वाटते. चुकीची नव्हे, चूक न करण्याची लाज! माणसाच्या स्वभावात हा बाक कुठून आला, हा प्रश्न मग त्याला जन्मभर पुरला.

सतराव्या वर्षी गावातल्या रोमानियानुस नावाच्या धनिकाने मदत केली आणि ऑगस्टीन कार्थेजला शिकायला गेला. मोठं शहर, नाटकं, मित्र. तिथे तो एका स्त्रीबरोबर लग्नाशिवाय राहू लागला आणि ३७२च्या सुमारास त्यांना मुलगा झाला. मुलाचं नाव अदेओदातुस, म्हणजे देवाने दिलेला. त्या स्त्रीचं नाव ऑगस्टीनने कुठेच लिहिलेलं नाही. सिस्टरनी फळा का पुसला, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

त्याच काळात सिसेरोचं एक पुस्तक वाचून त्याच्या मनात सत्य शोधायची ओढ लागली. बायबल उघडलं तर भाषा ओबडधोबड वाटली, म्हणून बाजूला ठेवलं. मग तो मानी पंथाकडे वळला आणि सुमारे नऊ वर्षं तिथे राहिला. मानी पंथाची शिकवण अशी, की जगात प्रकाश आणि अंधार अशी दोन तत्त्वं झगडत असतात. माझ्या हातून पाप घडतं तेव्हा ते मी करत नाही, माझ्यात शिरलेला अंधार करतो. हे ऐकून बरं वाटतं. आमच्या क्षेत्रात प्रोग्रॅम बंद पडला, की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, माझ्या मशीनवर तर नीट चालतोय. बिघाड सर्व्हरमध्ये असेल, नेटवर्कमध्ये असेल, दुसऱ्या टीमच्या कोडमध्ये असेल. वीस-बावीस वर्षं हे उत्तर मी ऐकलंय आणि दिलंही आहे. ते दिल्याने बिघाड एकदाही दुरुस्त झालेला नाही.

ऑगस्टीनच्या शंकांना त्या पंथातल्या थोर विद्वानालाही उत्तर देता आलं नाही, तेव्हा त्याचा विश्वास उडाला. ३८३मध्ये तो रोमला निघाला. आई सोडायला तयार नव्हती, म्हणून खोटं सांगून तिला रात्री किनाऱ्यावरच्या प्रार्थनास्थळी ठेवलं आणि जहाजात बसून निघून गेला. सकाळी आई एकटीच किनाऱ्यावर रडत राहिली. पुढच्या वर्षी, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याला मिलानमध्ये वक्तृत्वाचा सरकारी अध्यापक नेमलं. सम्राटाचा दरबार तेव्हा तिथेच होता. खेड्यातल्या पोराने याहून काय मिळवायचं? मोनिकाही मागोमाग तिथे पोहोचली.

मिलानचे बिशप आंब्रोज उत्तम वक्ते होते. ऑगस्टीन आधी फक्त त्यांचं बोलणं कसं आहे ते ऐकायला जाई. हळूहळू ते काय बोलतात, तेही कानावर पडू लागलं. बायबलबद्दलचे त्याचे आक्षेप गळून पडले. दुष्टपणा हे वेगळं तत्त्व नाही, चांगल्याचा अभाव म्हणजे दुष्टपणा, हेही त्याला तत्त्वज्ञांच्या ग्रंथांतून पटलं. बुद्धीचे प्रश्न सुटले.

आणि तरी तो जागचा हलला नाही! मला हा भाग सगळ्यात खरा वाटतो. आपल्याकडे एक साधं वाक्य आहे, कळतं पण वळत नाही. ऑगस्टीनचं तेच झालं होतं. त्या काळात त्याचं वागणंही चांगलं नव्हतं. प्रतिष्ठित घरात लग्न ठरवण्यासाठी पंधरा वर्षांच्या त्या सोबतिणीला आफ्रिकेला परत पाठवलं. मुलगा मात्र ठेवून घेतला. ती पुन्हा दुसऱ्या पुरुषाकडे जाणार नाही, असं ठरवून गेली. नियोजित वधूचं लग्नाचं वय व्हायला अजून दोन वर्षं बाकी होती. तेवढाही धीर न धरता त्याने मध्ये आणखी एक बाई ठेवली. देवाकडे तो संयम मागे, पण लगेच नको असंही मनात म्हणे. व्यायाम, डाएट, मोबाईल कमी करणं, घरच्यांशी नीट बोलणं, यांतलं काहीतरी उद्यापासून सुरू करणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याला हसू नये.

या अडकण्याचं त्याने केलेलं विश्लेषण एखाद्या इंजिनिअरला शोभेल असं आहे. आधी इच्छा वाकडी होते. ती पुन्हा पुन्हा पुरवली, की तिची सवय होते. सवयीला अडवलं नाही, की ती गरज होऊन बसते. एकेक कडी आपणच जोडलेली असते आणि शेवटी साखळी होते. बाहेरून बांधणारं कुणी नसतं. हात हलव म्हटलं तर हात हलतो, पण मन बदल म्हटलं तर मन बदलत नाही. मग आपण मोकळे कसे? मनाप्रमाणे वागता येणं यालाच आपण स्वातंत्र्य समजतो. पण ते मनच कुणाच्या तरी चाकरीत असेल, तर त्याच्याप्रमाणे वागणं हीसुद्धा चाकरीच.

३८६च्या उन्हाळ्यात एक ओळखीचा आफ्रिकी माणूस भेटायला आला. इजिप्तचे संत अंतोनी आणि त्यांच्यामुळे सगळं सोडून देणारे लोक यांच्याबद्दल तो बोलला. ऑगस्टीन अस्वस्थ झाला. न शिकलेली माणसं पुढे गेली आणि आपण विद्वान इथेच लोळतोय! तो घरामागच्या बागेत गेला. मित्र अलिपियुस सोबत होता. त्याच्यापासून जरा दूर, एका अंजिराखाली पडून तो रडला. शेजारच्या घरातून लहान मुलाचा गाण्यासारखा आवाज आला, उचलून वाचायला सांगणारा. त्याने जवळची संत पौलाची पत्रं उघडली. रोमकरांस लिहिलेल्या पत्रातला जो भाग समोर आला, तो भोगविलास सोडून ख्रिस्ताला परिधान करा, अशा अर्थाचा होता. पुढे वाचायची गरज त्याला उरली नाही. वर्षानुवर्षं जे आपल्या जोरावर जमलं नव्हतं, ते कुणीतरी आपल्यात करून दिलं, असा त्याचा अनुभव होता. ख्रिस्ती धर्मात याला कृपा म्हणतात.

३८७च्या ईस्टरच्या रात्री आंब्रोज यांच्या हस्ते ऑगस्टीन, अलिपियुस आणि पंधरा वर्षांचा अदेओदातुस यांचा बाप्तिस्मा झाला. इथून पुढे त्यांना अहो-जाहो म्हणते. त्याच वर्षी परतीच्या वाटेवर रोमजवळच्या ओस्तिया बंदरात मोनिका वारली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. तिला हवं होतं ते तिने पाहिलं होतं. आफ्रिकेत परतल्यावर थोड्याच काळात अदेओदातुसही गेला, ऐन तारुण्यात. ऑगस्टीन यांना गावात मित्रांसोबत शांतपणे प्रार्थना आणि अभ्यास करत राहायचं होतं. पण ३९१मध्ये ते हिप्पो या बंदरात गेले असता तिथल्या लोकांनी त्यांना अक्षरशः धरून धर्मगुरू केलं. चार-पाच वर्षांनी ते तिथले बिशप झाले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले. ‘कन्फेशन्स’ लिहायला घेतलं ते ३९७च्या सुमारास. म्हणजे तेव्हा ते साधारण आपल्याच वयाचे होते. प्रतिष्ठित माणसाने, सगळे वाचणार हे माहीत असताना, आपली लफडी, खोटेपणा आणि चोरी लिहून काढली.

पुढे पेलाजियस नावाच्या ब्रिटनमधल्या संन्याशाशी त्यांचा मोठा वाद झाला. पेलाजियस हा वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं असं, की देवाने माणसाला इच्छाशक्ती दिलीय, मनावर घेतलं तर तो पाप टाळू शकतो. आपल्या शाळेतल्या सुविचारांचा फळा याच पंथाचा होता! ऑगस्टीन यांचं उत्तर अनुभवातून आलेलं होतं. विहिरीत पडलेल्या माणसाला तू मनावर घे आणि वर ये, असं सांगून चालत नाही. वरून दोर सोडावा लागतो. आणि ऑगस्टीन यांच्या मते तो दोर धरायचं बळसुद्धा वरूनच येतं. पाप म्हणजे केवळ नियम मोडणं नव्हे, तर प्रेमाची दिशा चुकणं. आधी कशावर प्रेम करायचं आणि नंतर कशावर, याचा क्रम बिघडतो आणि माणूस स्वतःभोवतीच फिरू लागतो. खरं स्वातंत्र्य म्हणजे चांगलं करण्यात आनंद वाटणं. त्याचा कळस म्हणजे वाईट करावंसं न वाटणं. हे मला आधी विचित्र वाटलं. वाईट करण्याची मुभाच नसेल तर स्वातंत्र्य कसलं? मग एखादी मोठी गायिका आठवली. वर्षानुवर्षांच्या रियाजानंतर तिचा सूर ढळत नाही. बेसूर गाता येत नाही म्हणून तिला कुणी बांधलेली म्हणत नाही. उलट सगळ्यांत मोकळी तीच असते.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. डोनाटिस्ट नावाच्या वेगळ्या झालेल्या ख्रिस्ती गटाला परत आणण्यासाठी सरकारी बळ वापरायला त्यांनी पुढे संमती दिली. मन बळजबरीने वळत नाही, हे ज्याला स्वतःवरून कळलं होतं, त्याने असं म्हणावं याचं मला वाईट वाटतं. पुढच्या शतकांत अनेकांनी त्यांच्या या मताचा आधार घेतला.

४१०मध्ये गॉथ लोकांनी रोम लुटलं. रोमच्या जुन्या देवांना सोडल्याने हे झालं, अशी चर्चा सुरू झाली, तेव्हा त्यांनी ‘सिटी ऑफ गॉड’ हा बावीस खंडांचा ग्रंथ लिहायला घेतला. तो ४२६मध्ये पुरा झाला. मला त्याहून भावतं ते त्यानंतरचं काम. सत्तरी उलटलेल्या या माणसाने आपली ९३ पुस्तकं एकेक करून पुन्हा तपासली आणि कुठे चुकलो, कुठे घाईने लिहिलं, ते नोंदवून ठेवलं. आमच्याकडे कोड रिव्ह्यू असतो, पण तो दुसऱ्याने करायचा असतो. स्वतःच्या जन्मभराच्या कामाचा असा रिव्ह्यू करणारा मी तरी दुसरा पाहिला नाही.

४३०मध्ये व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यात ऑगस्टीन तापाने अंथरुणाला खिळले. त्यांचे शिष्य आणि चरित्रकार पोसिदियस लिहितात, की त्यांनी पश्चात्तापाची स्तोत्रं लिहवून घेऊन पलंगाजवळच्या भिंतीवर लावली होती. ती वाचत ते रडत. २८ ऑगस्ट ४३० रोजी, ७५व्या वर्षी ते गेले. मागे मालमत्ता नव्हती, म्हणून मृत्युपत्रही नव्हतं. ग्रंथ मात्र जपून ठेवायला सांगितले होते.

आता माझी गोष्ट. आम्ही नववीत होतो. नाताळच्या सुट्टीआधी शाळेच्या मागच्या वाडीतल्या आजींच्या पेरूच्या झाडावरून कुणीतरी पेरू पाडले आणि कुंपण मोडलं, म्हणून केवढा गोंधळ झाला होता, ते काहींना आठवत असेल. ते कुणीतरी म्हणजे आम्ही चौघी. त्यातली पहिली मी. पेरू कच्चे होते. एकेक चावा घेतला आणि बाकीचे बावखलात फेकले. आमच्या घरी दोन पेरूची झाडं होती. शिक्षा मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलाला झाली, कारण त्याचं नाव आधीच खराब होतं. दोन दिवस ऑफिसबाहेर उभं राहणं, छड्या, वडिलांना बोलावणं. मी वर्गाची मॉनिटर होते. मला कुणी विचारलंसुद्धा नाही, आणि मी गप्प राहिले. पेरूंपेक्षा ते गप्प राहणं मोठं होतं, हे मला पुस्तक वाचताना कळलं. कळून दहा वर्षं झाली. वळलं नाही.

गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर त्याचा नंबर दिसला आणि मी फोन केला. सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, की वडिलांनी शेवटपर्यंत त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता, आणि आता ते नाहीत. मी तोंड भरून माफी मागायचं ठरवून बसले होते. त्यावर मला पुढे काही बोलताच येईना. हे स्मरणिकेत लिहू का, असं विचारलं. त्याने लिही म्हटलं, पण नाव नको. मेळाव्याला येतोय म्हणाला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मीही ते मागून घेतलं नाही. फोन ठेवल्यावर हलकं वाटेल अशी माझी समजूत होती, तसं काही लगेच वाटलं नाही. पण तीस वर्षं एक गोष्ट लपवून ठेवायचं काम मी करत होते, ते संपलं. त्या रात्री मला समजलं, की ते काम होतं.

आजी केव्हाच गेल्या. मेळाव्याच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या वाडीत जाऊन त्यांच्या मुलाला भेटणार आहे. बाकी तिघींपैकी कुणाला यायचं असेल, त्यांनी साडेआठला शाळेच्या मागच्या गेटपाशी यावं. नावं मी घेणार नाही.

सर्व सर, बाई, सिस्टर आणि मित्रमैत्रिणींना नमस्कार.

– दहावी ‘ब’, १९९६